तात्यासाठी भिंत

मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात शेकडो घरं बांधली आणि त्यातल्या एकाही घराला मागची बाजू नव्हती. त्यांचा धंदाच तसा होता. नाटकांचं नेपथ्य उभं करायचं. समोरून पाहणाऱ्याला राजवाडा दिसायचा आणि विंगेतून पाहणाऱ्याला लाकडी पट्ट्या, ताणलेलं कापड आणि खिळे. नाटक संपलं की राजवाडा सुटा होऊन टेम्पोत चढायचा. "जे सुटं करता येत नाही ते उभारूच नये," असं मिस्त्रींचं तत्त्वज्ञान होतं आणि संसाराचा अपवाद सोडला तर त्यांनी ते सगळीकडे पाळलं होतं.

त्यांची बायको त्याच नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होती. तिला सगळे बाई म्हणत. विंगेत उभं राहायचं आणि नट अडखळला की पुढचं वाक्य असं पुटपुटायचं, की ते नटाला ऐकू जावं आणि पहिल्या रांगेतल्या खोकणाऱ्या गृहस्थांना जाऊ नये. हे काम बाईंनी इतकी वर्षं केलं की त्यांचा आवाज कायमचाच खाली बसला. घरातही त्या तेवढ्याच आवाजात बोलत. इकडे हातोड्याने आणि करवतीच्या यंत्राने मिस्त्रींचे कान केव्हाच निकामी करून टाकले होते. दात आहेत तर चणे नाहीत, अशातली गत. बाई काही म्हणाल्या की मिस्त्री "काय?" म्हणत. बाईंनी पुन्हा सांगितलं की ते "बरं बरं" म्हणत आणि आपल्या कामाला लागत. कान तपासून घ्यायचा विषय निघाला की तो मात्र त्यांना अजिबात ऐकू येत नसे.

नाटक चालू होतं तोवर हे खपून गेलं. बाईंचं पुटपुटणं ऐकायला सगळी कंपनी कान टवकारून असायची. पण हल्ली नट कानात बारीक यंत्र घालतात, वाक्यं त्यातूनच येतात. बाई घरी बसल्या. मिस्त्री अजून अधूनमधून कार्यशाळेत जात, सल्ला द्यायला, म्हणजे नव्या पोरांच्या कामात खोट काढायला. दिवसभर घरात बाई आणि भांडी. भांडी निदान आवाज तरी करत.

अशात एका मैत्रिणीबरोबर जुनी पांघरुणं द्यायला बाई भटक्या कुत्र्यांच्या संस्थेत गेल्या. तिथे असा काही कल्लोळ चालला होता की मैत्रीण काय बोलते तेही कळेना. सगळ्यात शेवटच्या जाळीमागे एक तपकिरी रंगाचा, तोंडाशी पांढरा झालेला वयस्क कुत्रा पाठ करून बसला होता. बाई आपल्या सवयीने पुटपुटल्या, "तुझं काय रे बाबा?" त्या गदारोळात त्या कुत्र्याचा एक कान उभा राहिला. तो वळला, मागचा एक पाय जरा ओढत जवळ आला आणि जाळीखालच्या फटीतून त्याने आपली हनुवटी बाईंच्या चपलेवर ठेवली. पहिल्या झटक्यात आपलं कुणी ऐकलं याला किती काळ लोटला होता, ते बाईंना आठवेना. त्यांचे डोळे भरून आले. मैत्रिणीला त्यांनी धूळ गेली म्हणून सांगितलं.

घरी येऊन त्यांनी मिस्त्रींच्या खांद्यावर टकटक केलं.

"मला एक कुत्रा आणायचाय."

"काय?"

"मला कुत्रा आणायचाय."

"बरं बरं," मिस्त्री म्हणाले.

आपण कशाला होकार दिला हे त्यांना दोन दिवसांनी कळलं आणि तोवर बाईंनी संस्थेत शब्द देऊन टाकला होता. पण मिस्त्रींनी कुरकुर केली नाही. बाईंनी आजवर त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं, निदान त्यांना ऐकू येईल असं तरी. मिस्त्रींनी बाह्या सरसावल्या.

पहिली अडचण नावाची निघाली. त्या कुत्र्याला संस्थेत सगळे तात्या म्हणत. तोंडावरचा पांढरेपणा आणि सगळ्यांकडे नापसंतीने बघण्याची तऱ्हा यावरून पडलेलं नाव, आणि तो त्या नावाला ओ देत होता. पण मिस्त्रींच्या वडिलांनाही तात्याच म्हणत. सासरेबुवा जाऊन वर्षं लोटली होती, तरी त्यांच्या नुसत्या आठवणीने बाई अजून पदर सावरत.

"तात्या, खाली उतर, असं कसं म्हणू मी?" बाईंनी विचारलं.

या वेळी मिस्त्रींना बरोबर ऐकू आलं. ते म्हणाले, "म्हण की. खुद्द तात्यांना म्हणायची तुझी किती इच्छा होती, मला काय माहीत नाही?"

बाई पदराआड हसल्या. नाव कायम झालं.

मग घराची तयारी सुरू झाली. संस्थेच्या ताई रविवारी घर पाहायला येणार होत्या. कुत्र्यालाही बरोबर आणणार होत्या आणि सगळं पसंत पडलं तर तिथेच ठेवून जाणार होत्या. मिस्त्री कामाला लागले ते नाटकाचा पहिला प्रयोग असल्यासारखे. जमिनीलगतच्या सगळ्या तारा त्यांनी लाकडी पट्टीत बंद केल्या. औषधांचा डबा, फिनाइल, घुशीचं औषध वरच्या फळीवर गेलं. कचऱ्याच्या डब्याला झाकण आलं. स्वयंपाकघराचं दार खाली घासायचं, ते बंद करायला बाई कित्येक वर्षं खांदा लावत होत्या. ते त्यांनी अर्ध्या तासात उतरवून, रंधा मारून परत बसवलं. आता ते एका बोटाने मिटत होतं.

"माझ्यासाठी नाही झालं हे कधी," बाई म्हणाल्या.

"काय?"

"काही नाही. छान झालं म्हटलं."

झोपण्यासाठी जुन्या मखमली पडद्याची गादी शिवली गेली. इतकी लाल आणि इतकी भारदस्त, की तिच्यावर झोपायला कुत्र्यापाशी निदान एखादं संस्थान हवं होतं. जमिनीवर मिस्त्रींनी खडूने फुल्या मारून ठेवल्या. दारावरची घंटा वाजली की तात्याने या फुलीवर बसायचं, जेवणाच्या वेळी त्या.

"त्याला कोण सांगणार हे?" बाईंनी विचारलं.

"दोन तालमी घेऊ," मिस्त्री म्हणाले.

सगळ्यांवर कडी केली ती अंगणातल्या त्याच्या घराने. उतरतं लाल छप्पर, कौलांच्या रेघा, एक कमानदार दार, शेजारी एक खिडकी आणि खिडकीत रंगवलेली फुलांची कुंडी. बाई चार पावलं मागे जाऊन बघत राहिल्या. मग त्या घराला वळसा घालून मागे गेल्या आणि तिथून सरळ आरपार मिस्त्रींचे पाय दिसले.

"अहो, याला मागे भिंत कुठाय?"

"मागून कोण बघतंय?"

"कुत्रा! आत तो राहणार आहे!"

मिस्त्रींनी वाकून आरपार पाहिलं. हा मुद्दा त्यांच्या कारकिर्दीत कुणी काढलाच नव्हता.

पण खरा घोर वेगळाच होता. ताईंची एक अट दगडावरची रेघ होती. घरामागच्या अंगणाला रस्त्याच्या बाजूने छातीइतकी उंच, पक्की भिंत हवी. इतर कुत्र्यांच्या बाबतीत त्या कुंपणावर भागवत. पण तात्याला खाली रस्ता दिसला की धाव घ्यायची खोड होती आणि त्याच खोडीपायी तो एकदा ट्रकच्या चाकाखाली गेला होता. पाय ओढत होता तो त्यामुळे. आणि बाईंच्या अंगणाच्या त्याच बाजूला रस्त्याचा उतार होता, दिवसभर ट्रक वळायचे आणि मध्ये नुसतं झुडपांचं विरविरीत कुंपण होतं. गवंड्याला सांगून झालं होतं. तो "उद्या येतो" म्हणाला होता, पण गवंड्याचा उद्या आणि कॅलेंडरातला उद्या यांची गाठ क्वचितच पडते.

बाईंनी ताईंना फोन करून आठवडाभराची मुदत मागितली.

"काकू, मी थांबले असते," ताई म्हणाल्या, "पण आणखी एक कुटुंब आहे. त्यांनी पण तात्याबद्दल विचारलंय. त्यांच्या घराला चारी बाजूंनी भिंत आहे."

बाईंनी फोन ठेवला आणि तशाच स्टुलावर बसून राहिल्या. मिस्त्रींना फोनमधलं अक्षर कळलं नव्हतं, पण बायकोचा चेहरा कळला.

"मी कशाला आहे मग?" ते म्हणाले आणि टेम्पोवाल्याला घेऊन कार्यशाळेत गेले.

शनिवारी संध्याकाळपर्यंत भिंत उभी होती. छातीइतकी उंच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. जुनाट विटांची, मध्येमध्ये गिलावा उडालेली, एका कोपऱ्यात तडा गेलेली. स्वयंपाकघराच्या पायरीवरून पाहिलं तर भल्याभल्यांनी टेकून उभं राहायला जावं अशी. आणि टेकलं तर पलीकडे रस्त्यावर जावं अशी. लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड होतं ते.

"अहो, हे खोटं आहे," बाई म्हणाल्या.

"काय?"

इथे बाईंनी दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं. त्या नेहमी सांगत. पण त्यांच्या डोळ्यांपुढे ते चारी बाजूंनी भिंत असलेलं कुटुंब आलं आणि त्या "काही नाही" म्हणाल्या. नंतर पक्की बांधूच की, गवंडी आज ना उद्या येईलच, असं त्यांनी मनाशी घोकलं. एवढ्यावर भागलं नाही. थोड्या वेळाने त्या स्वतःच एक ओला स्पंज आणि हिरवा रंग घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "खाली शेवाळ नको का? इतकी जुनी भिंत आणि शेवाळ नाही?" मिस्त्रींनी अभिमानाने बायकोकडे पाहिलं. नवराबायकोचं एकमत व्हायची वेळ वर्षातून एकदा येते आणि ती नेमकी अशा कामाला येते.

रविवारी ताई आल्या. दणकट अंगाच्या, खिशात कुत्र्यांचा खाऊ, नजर पोलिसाची. मागे दोरीला तात्या. बाई दिसताच त्याची शेपूट दोनदा हलली, जास्त नाही. ताईंनी तारा पाहिल्या, वरच्या फळीवरचा डबा पाहिला, डब्याचं झाकण ओढून पाहिलं, फाटकाची कडी तीनदा लावून काढली. मखमली गादीकडे पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या. मग अंगणातलं कौलारू घर.

"काका, याला मागे काहीच नाहीये."

"हवा खेळती राहावी म्हणून," मिस्त्री म्हणाले. एवढं वाक्य त्यांना पहिल्या फटक्यात ऐकू आलं होतं.

भिंतीची व्यवस्था त्यांनी चोख ठेवली होती. पायरीपासून पुढे कुंड्यांची रांग, त्यानंतर दोरीवर वाळत घातलेली चादर, मग उलटं ठेवलेलं घमेलं. पाहुण्याने जिथून पाहावं तिथूनच त्याला पाहू द्यायचं, हा त्यांचा हातखंडा होता.

"वा, भिंत भक्कम दिसते," ताई पायरीवरून म्हणाल्या. "जुनी आहे ना?"

"बरीच जुनी," मिस्त्री म्हणाले. शेवाळ अजून वाळायचं होतं.

बाई स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभ्या होत्या.

"ठीक आहे," ताई म्हणाल्या. "सोडून बघू त्याला मोकळं." आणि त्यांनी पट्ट्याची दोरी काढली.

तात्या घरात गेला. एका फुलीवर पाय देऊन पुढे गेला, दुसरी हुंगली, तिसरी त्याने जिभेने पुसून टाकली. मखमली गादीवर चढून एक गिरकी घेतली आणि नापसंतीने खाली उतरला. मग तो अंगणात आला. कुंड्यांमधून वाट काढली, चादरीखालून गेला आणि भिंतीपाशी पोचला. त्याने विटा हुंगल्या आणि त्याला शिंक आली. एवढ्यात पलीकडे उतारावर ट्रकने वळण घेतलं. तात्याचे कान ताठ झाले. त्याने पुढचे दोन्ही पाय उचलून भिंतीवर टेकवले.

भिंत हलली. अगदी थोडी, वाऱ्याने पडदा हलावा तशी. मिस्त्री कुंड्या सारख्या करत पाठमोरे होते. ताई खिशात खाऊ शोधत होत्या. पाहिलं ते एकट्या बाईंनी.

"तात्या," बाई पुटपुटल्या.

अख्खं अंगण मध्ये होतं, ट्रक घरघरत होता आणि तो आवाज चादरीच्या पलीकडे जाण्यासारखाही नव्हता. पण तात्याचा एक कान मागे वळला. त्याने पाय खाली घेतले, आला त्याच वाटेने परत फिरला आणि बाईंच्या पावलांवर हनुवटी टेकून बसला.

ताईंना एवढंच दिसलं. त्यांचा पोलिसी चेहरा सैल पडला.

"काकू, इतक्या दिवसांत हा कुणाच्या हाकेला असा आला नाही. तुमचाच झाला हा." त्यांनी दोरी बाईंच्या हातात दिली.

झालं. भिंत पास झाली होती, कुत्रा पावलावर होता, दोरी हातात होती. आता फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं ही गोष्ट बाईंना जन्मभर जमलेली होती. पण त्यांना तात्याच्या नाकाला लागलेला हिरवा रंग दिसत होता. आज आपण दारात होतो म्हणून हाक मारली. उद्या आपण अंघोळीला असू. परवा बाजारात. मिस्त्री घरात असतील आणि त्यांना भिंत पडल्याचाही आवाज येणार नाही. खाली ट्रक वळत असेल आणि हा कापड फाडून धावत सुटलेला असेल.

"भिंत खोटी आहे," बाई म्हणाल्या.

"काय म्हणालात, काकू?"

काही नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. रोजच्या सवयीचे शब्द होते ते, जिभेवर तयार होते. बाईंनी श्वास घेतला.

"भिंत खोटी आहे! कापडाची आहे! आम्ही काल रंगवलीय ती!"

तात्या ताडकन उठून उभा राहिला. शेजारच्या छपरावरची कबुतरं उडाली. आणि कुंड्यांपाशी वाकलेले मिस्त्री गर्रकन वळले.

"अगं, हळू!" ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी बायकोला जन्मात पहिल्यांदा म्हटलं.

ताई चादरीखालून वाकून गेल्या. त्यांनी एका बोटाने वीट दाबली. मग दोन बोटांनी. सगळी भिंत मोठ्या रुबाबात पलीकडे लवली आणि झुडपांवर आडवी झाली. रस्त्यावरून सायकल हातात धरून चढणारा एक माणूस थांबून बघत राहिला. भिंतीची पाठ आता आभाळाकडे होती आणि तिच्यावर मिस्त्रींच्या ठळक अक्षरात लिहिलेलं होतं : तुरुंग, डावी बाजू.

ताईंना हसू आलं असावं, कारण त्यांनी तोंडावर हात ठेवला. पण हात काढला तेव्हा त्या हसत नव्हत्या.

"हा इथून खाली गेला असता, काका," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा वाचला नसता."

मिस्त्रींना सगळं ऐकू गेलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी मान खाली घातली.

ताईंनी बाईंच्या हातातून दोरी घेतली. "भिंत खरी झाली की फोन करा. तोवर तो दुसरीकडे गेला तर माझा इलाज नाही. ते लोक उद्या येणार आहेत बघायला."

तात्या गाडीपर्यंत जाताना दोनदा थांबला आणि वळून पाहू लागला. बाईंनी मुद्दाम त्याला हाक मारली नाही. हाक मारली असती तर तो आला असता. गाडी गेल्यावर त्या पायरीवर बसल्या आणि पदर तोंडात धरून, आवाज न करता, मनसोक्त रडल्या.

मिस्त्री शेजारी येऊन उभे राहिले. "तुझ्यासाठीच केलं होतं गं मी."

बाईंनी मान हलवली. शेवाळ त्यांनी स्वतः लावलं होतं, त्यांना कुणाला बोलायला तोंडच नव्हतं.

त्या दिवशी मिस्त्री जेवले नाहीत. सरळ गवंड्याच्या घरी गेले आणि त्याच्या उंबऱ्यात ठाण मांडून बसले. आपण कुणाच्या तरी उद्याला भुलून काय करून बसलो ते त्यांनी त्याला सांगितलं, भिंतीमागच्या अक्षरांसकट. गवंडी पोट धरधरून हसला आणि हसण्याची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखर हजर झाला.

मग दोन कारागिरांची जुगलबंदी सुरू झाली. गवंडी पाया खणायला लागला तशी मिस्त्रींची चुळबुळ सुरू झाली.

"जमिनीत एवढं कशाला? ते कुणाला दिसणार आहे?"

"दिसायला नाही, मिस्त्री. उभं राहायला."

"आणि सुटी कशी करायची ही नंतर?"

गवंड्याने थापी खाली ठेवली. "भिंत आहे ती. सुटी कशाला करता?"

मिस्त्रींनी घमेलं उचललं आणि माल कालवायला घेतला. त्यांनी लावलेल्या विटांची ओळ नागमोडी गेली, ती गवंड्याने उपसली, त्यांनी पुन्हा लावली. हाताला फोड आले. अंगणात कुणी प्रेक्षक नव्हता, तरी भिंत दोन्ही बाजूंनी भिंतच होत चालली होती आणि या गोष्टीचं त्यांना रोज नव्याने नवल वाटायचं. मधल्या वेळात कुत्र्याच्या कौलारू घरालाही त्यांनी फळ्या ठोकून मागची बाजू दिली. बाई सकाळ-संध्याकाळ भिंतीला पाणी मारायच्या. संस्थेत फोन करायचा धीर त्यांना होत नव्हता. ते लोक सोमवारी येऊन गेले असणार. मखमली गादी त्यांनी गुंडाळून कपाटावर टाकली होती, डोळ्यांसमोर नको म्हणून.

शेवटी मिस्त्रींनीच नंबर लावून फोन त्यांच्या कानाशी धरला.

"भिंत झाली," बाई म्हणाल्या.

"कोण बोलतंय? जरा जोरात!"

"भिंत झालीय! खरी! तो... आहे का अजून?"

"हो काकू, आहे!" ताई म्हणाल्या. "त्या लोकांच्या मुलांना एक पिल्लू आवडलं. ते त्याला घेऊन गेले. तात्याने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खरं सांगू का, मी पण फार आग्रह केला नाही त्यांना."

ताई दुसऱ्या दिवशी आल्या त्या थेट अंगणात गेल्या. या वेळी चादर नव्हती, कुंड्या बाजूला केल्या होत्या. त्यांनी आधी हात लावला, मग खांदा लावला, मग चक्क पाठ लावून दोन्ही पाय रेटले. भिंत तसूभर हलली नाही. मिस्त्री श्वास रोखून उभे होते. टाळ्या पडल्या नाहीत, पण ताई म्हणाल्या, "काका, आता झाली बरं का," आणि म्हाताऱ्याचा चेहरा असा फुलला की बाईंनी दुसरीकडे पाहिलं.

तात्या राहिला. मखमली गादी त्याने साफ नाकारली, कौलारू घराकडे दुरून एकदा पाहिलं आणि स्वयंपाकघराच्या पायरीवर, बाईंच्या पायांशी मुक्काम ठोकला. बाई भाजी निवडताना त्याच्याशी बोलत, भांडी विसळताना बोलत, "तात्या, उठा आता, पुसायचंय मला," म्हणत. उठ म्हणायला अजून जीभ वळत नव्हती. तो एक कान उभा करून ऐकत असे आणि सगळं पटल्यासारखा मधूनच सुस्कारा सोडत असे.

मिस्त्री हे खोलीतून बघायचे. बायकोचे ओठ हलताना त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. जुनी नाटकं आठवत असेल, वाक्यं घोळवत असेल, असंच त्यांनी धरलं होतं. आता ते ओठ हलत होते आणि समोरचा मान वाकडी करून ऐकत होता. त्यांच्या काळजात काहीतरी टोचलं. कुत्र्याचा मत्सर वाटतोय हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, पण वाटत होता.

एका संध्याकाळी ते पायरीपाशी आले.

"काय सांगतेस त्याला रोज?"

बाई काहीतरी म्हणाल्या. मिस्त्रींना ऐकू आलं नाही. "बरं बरं" म्हणून ते आत वळले आणि दोन पावलांवर थांबले. मग परत आले. गुडघे करकरत त्यांनी पायरीवर बैठक मारली, "सरका जरा, तात्या," म्हणत कुत्र्याला ढकललं आणि बायकोला खेटून बसले.

"आता सांग."

तात्या दोघांकडे आळीपाळीने बघू लागला.

"सांग की. मी ऐकतोय."

"मला घरात करमत नव्हतं," बाई म्हणाल्या. "फार एकटं वाटायचं. एवढंच सांगत होते त्याला."

हे मिस्त्रींना ऐकू गेलं. अक्षर न् अक्षर गेलं. त्यांनी हातावरचा एक फोड अंगठ्याने चोळला.

"मला वाटायचं," ते म्हणाले, "तुला बोलायलाच आवडत नाही."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. हसावं की रडावं त्यांना कळेना. मग त्यांनी नवऱ्याचा कान दोन बोटांत धरला, चांगला तोंडापर्यंत ओढला आणि बोलायला सुरुवात केली.